मदत हवी आहे: पेटी वाजवताना पान उलटायला दोन बटणांचा ब्लूटूथ कीबोर्ड

नमस्कार मंडळी,

बाबा आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, तीसेक वर्षं झाली. आधी वहीतून अभंग घ्यायचे, आता नजर कमी झाल्यामुळे मोठ्या अक्षरातली पीडीएफ टॅबवर लावतात, पण अक्षर मोठं केलं की एकच अभंग तीन पानांवर जातो आणि पान उलटायला डावा हात भात्यावरून काढावा लागतो. हात काढला की सूर बसतो, त्यात बोटाला घाम असला की पान सरकतच नाही, तोवर टाळकरी पुढच्या चरणावर गेलेले असतात. मागच्या एकादशीला हे तीनदा झालं. बाबा कुणाला काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर भिंग घेऊन जुनी वही उघडून बसले होते. ते बघवलं नाही म्हणून हे काम हातात घेतलंय.

पायाने दाबायचे तयार पेडल मिळतात, पण मांडी घालून बसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. म्हणून स्वतःच करायला घेतलं. मी कॉमर्सचा, सोल्डरिंग यूट्यूबवर बघून शिकलो.

आधी पुण्यात तपकीर गल्लीतून एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल आणलं. दोन दिवस घालवल्यावर कळलं की ते फक्त सिरियल पोर्टसारखं चालतं, म्हणजे नुसता डेटा पाठवतं, टॅब त्याला कीबोर्ड म्हणून ओळखतच नाही. मग ईएसपी३२ या ब्लूटूथ असलेल्या चिपचा ३८ पिनांचा बोर्ड आणला, अर्दुइनोमध्ये (बोर्डसाठी कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बीएलई म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या कीबोर्डची लायब्ररी (तयार कोड) टाकली, तर कंपाइल करताना स्ट्रिंगच्या नावाने एररच एरर. बोर्डचं पॅकेज ३ वरून २.०.१७ वर खाली आणलं आणि पहिल्या झटक्यात चाललं, टॅबच्या नोट्समध्ये आपोआप 'ए' उमटला तेव्हा मी घरात सगळ्यांना हाक मारून दाखवला. माउसचं व्हील पाठवूनही बघितलं, पण त्याने पान मध्येच कुठेतरी अडकतं, त्यामुळे पेज डाउन आणि पेज अप हीच दोन बटणं ठेवलीत.

आता अडलंय ते असं. बटणं पिन ३४ आणि ३५ वर आहेत, कोडमध्ये इनपुट पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणं) लिहिलंय, तरी हात न लावता पानं आपोआप उलटतात, कधी दोन-दोन, नुसता हात जवळ नेला तरी. दुसरं, बटणाचा टकटक आवाज माइकमध्ये येतो. त्याऐवजी तांब्याची पट्टी लावून टच करता येईल का, मला ती भात्याच्या वरच्या कडेलाच लावायची आहे, म्हणजे डाव्या अंगठ्याने काम होईल. तिसरं बॅटरीचं, पॉवरबँक थोड्या वेळाने स्वतःच बंद होते, आणि १८६५० सेल (लिथियमचा गोल चार्जेबल) थेट पाच व्होल्टच्या पिनला जोडला तर बोर्ड सारखा रिसेट होतो. डीप स्लीप, म्हणजे काम नसताना बोर्ड झोपवणं, वापरावं का? आणि कीबोर्ड जोडला की टॅबवरचा टायपिंगचा कीबोर्ड गायब होतो, बाबांना अभंग शोधायला तो लागतो.

कार्तिकीच्या आधी झालं तर फार बरं होईल.

शॉर्टसर्किट:
तुमचं कोड बरोबर आहे, पिन चुकल्यात. ईएसपी३२वर ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतून पुलअप नसतोच, कोडमध्ये लिहिलं तरी काही होत नाही. पिन मोकळी लोंबकळत राहते आणि हाताच्या नुसत्या जवळ येण्यानेही वर-खाली होते. एकतर ३.३ व्होल्टकडे १०के (दहा किलोओहमचा) रेझिस्टर टाका नाहीतर सरळ २५ आणि २६ वर या. ६ ते ११ ला हात लावू नका, तिथे फ्लॅश मेमरी जोडलेली असते. १२ पण टाळा, चालू होताना ती वर ओढलेली असली तर बोर्ड बूटच होत नाही.

डीप स्लीपच्या नादी लागू नका. झोपेतून उठून टॅबशी परत जोडलं जायला काही सेकंद जातात आणि नेमकं तेव्हाच पान हवं असतं. बोर्ड साधारण शंभर मिलिअँपिअर घेतो असं धरा, २५०० मिलिअँपिअर-अवरचा सेल असेल तर अख्खी रात्रही सहज निघेल. साधा स्विच लावा आणि घरी आल्यावर चार्ज करा. रिसेट होतो कारण बोर्डवरच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज कमी करून चिपला देणारा भाग) स्वतःलाच व्होल्टभर लागतं, ३.७ मधून ते गेलं की चिपला उरतं काय? पाच व्होल्ट करून देणारं बूस्ट मॉड्यूल मध्ये टाका. नुसतं टीपी४०५६ घेऊ नका, ते फक्त चार्जिंग करतं. पॉवरबँक बंद होते कारण तिला वाटतं पलीकडे कुणी नाहीच, एवढा कमी करंट.

तांब्याची_तार:
मी स्वतः पेटी वाजवते म्हणून लिहिते. भात्यावर पट्टी लावू नका हो. तळवा सतत तिथेच असतो, टचला कळणार कसं की आत्ता पान हवंय की नुसता भाता मारताय, आणि तिथली वायर दर मिनिटाला इतक्यांदा वाकेल की महिन्याभरात आतून तुटेल. उजव्या हाताला, सगळ्यात वरच्या सुराच्या पट्टीच्या पुढे जी लाकडी कड असते तिथे लावा. मंडळी ध्रुपद उचलतात तेव्हा करंगळी तिथे सहज पोचते.

टचसाठी पिन ३२, ३३ किंवा २७ चालतील. साध्या ईएसपी३२वर हात लावला की टच पिनने वाचलेला आकडा खाली येतो, एस३ वर (त्याच चिपचा दुसरा प्रकार) उलट वर जातो, नेटवरचं कोड उचलताना हे बघा. एकदा स्पर्श कळला की बोट उचलेपर्यंत दुसरा मोजायचाच नाही, मग दोन-दोन पानं जाणार नाहीत.

टॅबच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड म्हणून जागा असते, तिथे ऑनस्क्रीन कीबोर्ड दाखवा हे चालू करा.

वेलदोडा:
मध्येच विचारतो, अशा कीबोर्डने मराठी टाइप होतं का?

शॉर्टसर्किट:
होतं, पण ते काम टॅबचं. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, फक्त बटणाचा नंबर पाठवतो. 'के'च्या बटणाचा नंबर १४, टॅबवर इंग्रजी असेल तर 'के' उमटतो, इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कीबोर्ड लेआउट) असेल तर 'क'. दोन बटणं असोत की शंभर, पद्धत तीच.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्या ३२ आणि ३३ वर घेतल्या, हात नसताना आकडा साठच्या आसपास असतो, करंगळी टेकली की पंधराच्या खाली येतो, मी तीसच्या खाली गेला की स्पर्श धरतो. बूस्ट मॉड्यूल लावल्यापासून एकदाही रिसेट नाही. मध्ये कोडमध्ये कीबोर्डचं नाव बदललं तर टॅब जोडेचना, जुनी जोडणी फर्गेट करून परत पेअर केल्यावर आला, कुणाला अडलं तर लक्षात असू द्या.

काल बाबांनी तासभर वाजवून बघितलं आणि एक नवीन गोष्ट निघाली. शेवटच्या चरणानंतर परत ध्रुपदावर यायचं असतं, ते दोन पानं मागे. मागच्या पट्टीवर दोनदा टेकवायचं तर बोट तेवढा वेळ सुरांवरून जातं. पट्टीवर करंगळी अर्धा सेकंद ठेवली तर एकदम दोनदा पेज अप पाठवावं का?

तांब्याची_तार:
अर्धा सेकंद विलंबित चालीत चालेल, गजरात नाही. त्यापेक्षा तिसरी पट्टी लावा, २७ मोकळीच आहे. तिच्यावर होम पाठवा आणि प्रत्येक अभंगाची पीडीएफ वेगळी करा, म्हणजे तीन पानं असोत की पाच, थेट ध्रुपदावर. फक्त बाबा वापरतात त्या ॲपमध्ये होमने पहिलं पान येतं का ते आधी बघा.

धागाकर्ता:
आज रात्री बघतो. तांब्याची टेप उरलीये अजून.