रोजे पूर्ण होतात, नमाज सुटते: अशा रोज्यांचे काय?

प्रश्न (रावेर)

अस्सलामु अलैकुम. मी केळीकापणीच्या टोळीत कामाला आहे. २०१८ आणि २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता, तेव्हा आपल्याकडच्या उन्हात घड वाहतानाही मी एक रोजा चुकवला नाही. नमाज मात्र जुम्म्यापुरतीच होते. परवा सोबतचा एक जण म्हणाला, "नमाज नाही, तर तुझा रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे." ते मनाला लागले आहे. खरेच तसे असेल, तर रोजा धरावा तरी कशासाठी?

उत्तर १ (धुळे)

व अलैकुम अस्सलाम, भाऊ. रोजा अदा होणे (कर्तव्य म्हणून पूर्ण होणे) आणि अल्लाहकडे तो कबूल होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा निर्णय कोणा माणसाच्या हाती नाही. पहिलीबद्दल हनफी, मालिकी आणि शाफई या मजहबांच्या (धर्मशास्त्राच्या परंपरांच्या) उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, सर्वसाधारण मत असे आहे की, नमाज फर्ज (बंधनकारक) आहे हे मानूनही जो आळसाने ती सोडतो, तो मोठा गुन्हेगार ठरतो, पण इस्लामबाहेर जात नाही. म्हणून नियत (मनाशी संकल्प) करून धरलेला त्याचा रोजा अदा होतो. हनबली मजहबातले प्रसिद्ध मत अधिक कडक आहे. माणूस आणि कुफ्र (इस्लाम नाकारणे) यांच्यामध्ये नमाज सोडणे आहे, अशा अर्थाची सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील हदीस (पैगंबरांचे वचन) ते शब्दशः घेतात आणि मग रोजाही ग्राह्य धरत नाहीत. सौदी अरेबियाचे शेख इब्न बाज यांचेही मत असेच होते. आपल्या खानदेशात बहुतेक लोक हनफी आहेत, तेव्हा तुमचा रोजा वाया गेला असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. मात्र याला सवलत समजू नका. नमाज ठरलेल्या वेळी फर्ज आहे, हे कुरआनात (४:१०३) स्पष्ट आहे.

उत्तर २ (भुसावळ)

दादा, तुमच्या सोबत्याची कळकळ मी समजू शकते, पण त्याचे बोलणे ऐकून तुम्ही रोजाही सोडलात, तर एका फर्जाऐवजी दोन फर्ज सुटतील. मला तर वाटते, नमाजेपर्यंत पोहोचायला रोज्यासारखी दुसरी वाट नाही. सहेरीची (पहाटेच्या जेवणाची) वेळ संपते तिथेच फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची, सुरू होते आणि सूर्य मावळताच इफ्तार व मगरिबची नमाज एकत्रच येतात. तुम्ही जागे असताच. फजरचे फर्ज दोन रकातींचे (रकात म्हणजे नमाजेचे एक आवर्तन), मगरिबचे तीन. सहेरी करून लगेच अंथरुणावर पडण्याची सवय तेवढी मोडावी लागेल, आणि ती मोडताना फार जड जाते, हे मी घरात पाहिले आहे. जोहर (दुपारची) आणि असर (दुपारनंतरची) या नमाजांसाठी मशीद जवळ असलीच पाहिजे असे नाही. बागेतल्या पाण्याने वुजू (हात-तोंड-पाय धुण्याची शुद्धी) करून बांधावर कोरडी, पाक जागा पाहिली तरी पुरते. प्रत्येकी चार रकाती फर्ज आहेत, पाच वेळांचे मिळून सतरा. टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता (रावेर)

ताई, भाऊ, जजाकल्लाह. उद्याची फजर सहेरीनंतर पढूनच झोपेन. पण इतक्या वर्षांच्या सुटलेल्या नमाजा कशा भरायच्या?

उत्तर १ (धुळे)

आधी तौबा (पश्चात्ताप) करा. हनफी मतानुसार फर्ज आणि वित्र (रात्रीच्या इशानंतरची नमाज) यांची कजा करायची, म्हणजे सुटलेल्या नंतर भरून काढायच्या असतात. सुटलेल्या वर्षांचा अंदाज वहीत लिहून ठेवा आणि रोजच्या प्रत्येक नमाजेबरोबर त्याच वेळेची एक जुनी नमाज पढत चला. मात्र सूर्य उगवताना, तो ऐन माथ्यावर असताना आणि मावळताना कजा पढू नका.