जानेवारीची सहल: किडेपो की मसाई मारा?

प्रेषक: संज्योत (सहल समिती), कंपाला

नमस्कार मंडळी,

२६ जानेवारीला इथे युगांडात लिबरेशन डेची सुटी असतेच. त्या दिवशी उच्चायुक्तालयातलं झेंडावंदन आटोपून थेट निघायचं आणि रजा टाकून पुढचे चार-पाच दिवस बाहेर काढायचे, असा विचार आहे. मर्चिसन फॉल्स आणि क्वीन एलिझाबेथ ही उद्यानं बहुतेकांची पाहून झालीयेत. ज्यांचं झालं नाही ते नव्या पाहुण्यांबरोबर जातीलच.

मी किडेपो व्हॅली सुचवते आहे. देशाचं अगदी ईशान्य टोक, डोंगरापलीकडे दक्षिण सुदान. १,४४२ चौरस किलोमीटरचं उद्यान आहे आणि तिथवर जाणं जिकिरीचं असल्यामुळे गर्दी नाही. शिवाय गुरं पाळणाऱ्या करामोजोंग लोकांच्या वाड्या आणि मोरुंगोले डोंगरावरचे इक लोक, म्हणजे प्राणी आणि संस्कृती दोन्ही पाहून होईल.

मतं कळवा. आणि कृपया फक्त मला नाही, सगळ्यांना उत्तर द्या.

संज्योत

प्रेषक: प्रशांत, कंपाला

संज्योत, कल्पना छान आहे, पण एवढा वेळ आणि पैसा घालवायचा तर केनियातलं मसाई मारा का नको? नैरोबीहून रस्ता सोपा, बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) बऱ्यापैकी खात्री, मुक्कामाची हवी तेवढी सोय. जानेवारीत माझे आईबाबा नाशिकहून येताहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. करामोजाचं, म्हणजे किडेपोच्या त्या मुलखाचं, नाव काढलं की आमचा ड्रायव्हर कानाला हात लावतो. तिथे अजून बंदुका चालतात म्हणे. आणि शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

अनंतकाका इतकी वर्षं गुलूत आहेत, बोअरवेलच्या कामांसाठी तो सगळा मुलूख त्यांनी पालथा घातलाय. काका, तुम्हीच सांगा.

प्रशांत

प्रेषक: अनंत, गुलू

प्रशांत,

चेकलिस्टवर खुणा करायच्या असतील तर खुशाल माराला जा, मी अडवणार नाही. पण तिथे चित्ता दिसला की वायरलेसवर बोंब होते आणि घटकाभरात गाड्यांचं कोंडाळं जमतं. किडेपोत नारुसच्या खोऱ्यात सकाळी उतरलं की कित्येकदा दुसरी गाडीच नजरेस पडत नाही. मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. ज्याला वाटत नाही त्याने एवढी हाडं खिळखिळी करून घेऊ नयेत.

जानेवारी बरोबर निवडलात. पाऊस साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. एरवीच्या दिवसांत किडेपो नदी म्हणजे निव्वळ वाळूचा पट्टा, पाणी शिल्लक राहतं ते नारुसच्या बाजूला. त्यामुळे सगळी जनावरं तिथे गोळा होतात आणि अपोकाचा मुक्काम नेमका त्याच खोऱ्याच्या काठावर आहे. रानम्हशींचे शेकड्यांनी मोजावेत असे कळप, हत्ती, जिराफ, हार्टबीस्ट हरणं. सिंह बरेचदा खडकांवर चढून बसलेले असतात, कारण गवतात बसून त्यांनाही काही दिसत नाही. झेब्रे नीट पाहा, अनेकांना आयाळच नसते. चित्ता आणि शहामृग युगांडात बघायचे तर याच कोरड्या ईशान्य पट्ट्यात यावं लागतं.

पक्ष्यांच्या पावणेपाचशे जाती आहेत. माझा जीव अडकलाय तो कोरी बस्टर्डमध्ये. सोलापूरजवळच्या नान्नजला लहानपणी माळढोक पाहिला होता, हा त्याचाच आफ्रिकेतला सख्खा भाऊ: तीच मान, तीच सरपंचासारखी चाल. तिकडचा माळढोक आता जवळपास संपलाय, इकडचा अजून निवांत फिरतो. तो पाहायला मी एकटाही जाईन.

आता रस्ता. कंपाला, कारुमा, गुलू, कितगुम आणि मग कारेंगावरून उद्यान. कितगुमपर्यंत डांबर आहे, पुढे मुरूम. एका दमात करू नका. झेंडावंदनानंतर निघालात तर रात्री गुलूला आमच्याकडे टेका, पिठलं-भात तयार असेल. दुसऱ्या दिवशी लवकर निघून दुपारपर्यंत अपोका. डिझेल कितगुमला काठोकाठ भरायचं, पुढच्या पंपांवर विसंबू नका. मोरोतो-कोतिडोकडून येणारा रस्ता देखणा आहे, पण जास्त लांबचा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना नको. ज्यांची ऐपत आहे त्यांच्यासाठी एंटेबेहून छोटं विमान थेट अपोकाच्या धावपट्टीवर उतरतं. तुझ्या आईबाबांसाठी विचार कर.

सुरक्षेचं लपवून ठेवत नाही. गुरं पळवणं ही तिथली जुनी रीत. १९७९ साली हुकूमशहा इदी अमीनची राजवट कोसळली तेव्हा मोरोतोच्या बराकीतली शस्त्रं लुटली गेली आणि जिथे भाले होते तिथे बंदुका आल्या. २००१ पासून सरकारने त्या काढून घेण्याच्या मोहिमा केल्या. मध्यंतरी शांतता होती, मग पुन्हा गुरांवर धाडी वाढल्या आणि २०२१ मध्ये लष्कराला नव्याने मोहीम काढावी लागली. हे भांडण गुरांचं आहे, सहलीला आलेल्यांशी त्यांचं वैर नाही. तरीही प्रवास दिवसाउजेडीच, आणि निघण्याआधी उद्यानाच्या कार्यालयात फोन करून परिस्थिती विचारायची. ते जा म्हणाले तर जायचं, थांबा म्हणाले तर थांबायचं. तुझ्या ड्रायव्हरचं मी वाईट मानत नाही. त्याने वाईट काळ पाहिला असेल.

खाण्याचं सोपं आहे. वन्यजीव प्राधिकरणाचे बँडा (राहायच्या साध्या झोपड्या) घ्या, शिधा आणि शेगडी आपली. कँटीनमध्ये पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), बीन्स, भात मिळतो, पण त्यावर पाच दिवस काढायची नाशिककरांची तयारी आहे का ते विचारून घे. कचरा उघड्यावर टाकू नका आणि रात्री टॉर्चशिवाय बँडाबाहेर पाऊल नको. तिथे कुंपण नाही, म्हशी आणि हत्ती दाराशी येतात.

एक दिवस उत्तरेला कानांगोरोकच्या गरम झऱ्यांपर्यंत जा. झरे यथातथाच आहेत, पण वाटेत कोरडी नदी आणि तिच्या काठची ताडाची बनं लागतात, ती बघण्यासारखी. त्या बाजूला चावऱ्या त्सेत्से माशा आहेत. गडद निळे आणि काळे कपडे घालू नका, त्या रंगांवर त्या तुटून पडतात.

अनंत

प्रेषक: मुक्ता, जिंजा

काका, माळढोकाचं वाचून मीही यायला तयार झाले. पण "संस्कृती पाहून होईल" हे मला खटकलंय. जव्हारच्या पाड्यावर परदेशी लोकांची बस यावी, अर्धा तास तारप्याचा नाच बघावा, पोरांना गोळ्या वाटाव्यात आणि फोटो काढून निघून जावं, तर आपल्याला कसं वाटेल? आपण इथे वेगळं काय करणार आहोत?

आणि इक लोकांचं तर आणखी अवघड आहे. किडेपोचं खोरं त्यांचं शिकारीचं रान होतं. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना तिथे मज्जाव झाला. ज्यांना बाहेर काढून हे उद्यान झालं, त्यांनाच उद्यानाच्या सहलीतलं एक "आकर्षण" म्हणून बघायला चढून जायचं?

मुक्ता

प्रेषक: अनंत, गुलू

मुक्ता,

तुझं म्हणणं रास्त आहे, आणि इकांच्या बाबतीत तर तू सांगितलंस त्यापेक्षा वाईट घडलंय. १९६०च्या दशकात कॉलिन टर्नबुल हे मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात राहिले. तो काळ भीषण उपासमारीचा होता. १९७२ मध्ये त्यांनी लिहिलं की हे लोक प्रेम, माया सगळं विसरलेत. इतकंच नव्हे, तर त्यांची पांगापांग करून हा समाज मोडावा अशी शिफारसही सरकारला केली. पुढे बेर्न्ड हाइने या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवून दिलं की टर्नबुलना इकांची भाषा धड येत नव्हती आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्यांत बिगर-इक बरेच होते. पण शिक्का बसायचा तो बसला. उपाशी माणसाला हृदयशून्य म्हणायला फार विद्वत्ता लागत नाही, असं माझं मत.

आज इक मोरुंगोलेच्या उतारांवर शेती करतात, मधाची पोळी राखतात. गुरं फारशी बाळगत नाहीत; बाळगली तर एका बाजूने डोडोथ आणि दुसऱ्या बाजूने तुर्काना हे शेजारचे पशुपालक ती नेणार. त्यांची संख्या काही हजारांतच आहे. २०१६ पासून संसदेत त्यांचा स्वतःचा मतदारसंघ आहे, हे सहलीच्या जाहिरातींत कुणी छापत नाही.

म्हणून जायचंच नाही का? मी जा म्हणेन. कायद्याने उद्यानाच्या प्रवेश शुल्कातले २० टक्के आजूबाजूच्या वस्त्यांना मिळायचे असतात. ते कुठवर झिरपतात यावर वाद घालता येईल, पण कुणी आलंच नाही तर झिरपायलाही काही उरणार नाही. फक्त जायची रीत सांभाळायची. मोरुंगोलेची चढण उद्यानाच्या रेंजरबरोबरच करता येते आणि चांगली दमवते. दम असलेल्या चार-सहा जणांनीच जावं, पूर्ण दिवस ठेवून.

करामोजोंगांपैकी डोडोथ शाखेची लोरुकुल वाडी उद्यानाजवळ आहे, तिथे सगळ्यांना जाता येईल. भोवती काटेरी फांद्यांचं उंच कुंपण आणि आत शिरायला एवढंसं भोक, रांगतच जावं लागतं. धाडीला आलेल्या शत्रूलाही रांगतच यावं लागावं, हा हेतू. नाच होईल, पैसे ठरलेले असतील, ते गटाच्या हाती द्यायचे. नाच संपल्यावर निघू नका. बसा. एकदा मला एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुझी गुरं किती?" एकही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आपल्याकडे बेकार जावयाकडे पाहतात. मग त्याने दुष्काळाचं विचारलं, आमच्याकडे पडतो का आणि तेव्हा आम्ही जनावरं कुठे नेतो. मी मराठवाड्यातल्या चारा छावण्यांचं सांगितलं. सरकार गुरांना जेवू घालतं यावर त्याचा विश्वास बसेना.

आणि त्यांच्या कणग्या जरूर पाहा. आत ज्वारी असते. हे पीक मुळात याच बाजूचं, सुदानच्या पट्ट्यात हजारो वर्षांपूर्वी माणसाने हाताशी धरलेलं, मग समुद्रापार आपल्याकडे आलं. भाकरी मात्र ते करत नाहीत. पीठ घट्ट शिजवून खातात, नाहीतर आंबवून बिअर. ती कडवट असते, पण भोपळ्यात ओतून पुढे केली तर निदान ओठ लावा.

गोळ्या-चॉकलेटं वाटायची नाहीत, यावर मी तुझ्याबरोबर आहे. फोटोआधी विचारायचं. नाही म्हणाले तर नाही.

अनंत

प्रेषक: संज्योत (सहल समिती), कंपाला

मंडळी,

इतर मेलांवरून बहुमत किडेपोकडे दिसतंय, तेव्हा तेच ठरवूया. २६ला गुलू, पुढच्या तीन रात्री अपोका, परतताना पुन्हा गुलू. अनंतकाका, एवढ्या जणांचं पिठलं तुम्हाला आणि काकूंना झेपणार नाही, आम्ही पोळ्या करून आणतो.

मोरुंगोले ऐच्छिक, सहा जणांपुरतं. बाकीचे त्या दिवशी नारुसला. लोरुकुलला सगळे, दुपार पूर्ण रिकामी ठेवून. मुक्ता, तिथल्या गटाशी पैसे आणि वेळ याविषयी बोलणं तू करशील का? तुला स्वाहिली येते. काका, ती तिथे चालते का?

परदेशी रहिवाशांना प्रवेश शुल्क कमी आहे, म्हणून वर्क परमिट किंवा डिपेंडंट पास बरोबर आणा. भारतातून येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड विसरू नये. मलेरियाच्या गोळ्यांचं आपापल्या डॉक्टरांना विचारा.

लँडक्रूझर दोन की तीन, ते आकड्यावर ठरेल. शुक्रवारपर्यंत नावं द्या.

संज्योत

प्रेषक: अनंत, गुलू

स्वाहिली थोडीफार चालते, पण वाडीतल्या म्हाताऱ्यांना नाही येत. कारेंगाचा दुभाषी घ्या, मी नंबर पाठवतो. पोळ्या आणू नका, काकू रागावल्या आहेत. श्रीखंड आणा.

प्रेषक: प्रशांत, कंपाला

आमच्या चार जागा धरा. विमानाचं विचारून पाहिलं, पण बाबा म्हणतात रस्त्यानेच यायचं, वाटेत नाईल दिसला पाहिजे. त्यांचा गुडघा दुखतो, तेव्हा पुढची सीट त्यांच्यासाठी ठेवा. आगाऊ रक्कम मोबाईल मनीने चालेल की बँकेतच भरायची?