दुःखाला अर्थ असतो का, की आपणच तो नंतर लावतो?

पारसिक_पायथा:
गेली दोन वर्षं हा प्रश्न डोक्यात आहे म्हणून लिहितेय. मी कळव्याला राहते. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळचे चार तास, ठाण्याला येऊन ट्रान्स हार्बर लोकल पकडून कोपरखैरणेला जातो. डॉक्टरांनी दिवसाला लिटरभर पाणी सांगितलंय, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा आणि ते पाणी फेकायचं, केळं बंद, नारळपाणी बंद, म्हणजे देवळातला प्रसाद पण आधी बघून द्यायचा.
सुरुवातीला मी देवावर एवढी चिडले होते की देव्हाऱ्यातला दिवाच बंद केला. आता उलट झालंय. सकाळी उठल्या उठल्या त्यांच्या हातावर, डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलाय तिथे, बोटं ठेवते. मांजर गुरगुरल्यासारखी आत थरथर लागली की समजायचं शीर चालू आहे, आणि मग माझा हात आपोआप कपाळाला जातो. वीस वर्षं सोमवार केले, कोपिनेश्वराला रांगा लावल्या पण असा नमस्कार कधी झाला नव्हता. मला मनापासून वाटतं की हे संकट आलं म्हणूनच श्रद्धा काय असते ते कळलं. तुम्हाला काय वाटतं?

घोडबंदर_३:
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे पण मला हे पटत नाही. माझा मुलगा बाईकवरून येताना खड्ड्यात पडून गेला, हेल्मेट होतं डोक्यात. तेराव्याला आलेले लोक म्हणाले देवाला चांगली माणसं लवकर लागतात, कोणी म्हणे परीक्षा असते. कसली परीक्षा? खड्डा होता, तो बुजवला नव्हता, एवढंच कारण आहे. त्याला अर्थ चिकटवला की ज्याचं काम होतं तो सुटतो. माझा राग आहे तो मला कोणी शांत करायला नको.

तलावपाळी:
काका, राग रास्तच आहे. पण तुकोबांचं बघा ना, १६३० च्या आसपासच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, आणि तोच माणूस पुढे म्हणतो की देवा दिवाळं निघालं ते बरंच झालं. आणि आत्ताचं म्हणाल तर अंधेरीचे भाजीवाले दादाराव बिल्होरे, २०१५ ला त्यांचा मुलगा असाच खड्ड्यामुळे गेला, त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने शेकडो खड्डे बुजवलेत. दुःखातूनच आलं ना हे?

घोडबंदर_३:
दुःखातून नाही आलं, त्या माणसातून आलं, मोठा माणूस आहे म्हणून. आणि पोरगं गेलेल्या बापाला घमेलं घेऊन रस्त्यावर उतरावं लागतं ही लाजेची गोष्ट आहे, आपण तिला प्रेरणा म्हणून मोकळे होतो. तुकोबांचं म्हणाल तर ते विठ्ठलाशी भांडले पण आहेत, तोंडावर बोललेत त्याला, ते अभंग का नाही कोणी सांगत सांत्वनाला आल्यावर? आणि स्वतःच्या दिवाळ्याला ते स्वतः बरं झालं म्हणाले, शेजाऱ्याने येऊन नाही सांगितलं.

घणसोली_लोकल:
मी डायलिसिस टेक्निशियन आहे त्यामुळे थोडं वेगळं सांगते. श्रद्धेमुळे चार तास शांत पडून राहणारे पेशंट मी रोज बघते, नामस्मरण करत असतात, खरंच फरक पडतो त्यांना. पण कोणीतरी अंगारा दिला म्हणून दोन डायलिसिस चुकवून तिसऱ्या वेळी धापा टाकत, पाय सुजून आलेले पण बघितलेत. त्यामुळे ताई, अर्थ शोधा पण झेडटीसीसीच्या (अवयवदानाचं काम बघणारी संस्था) कॅडेव्हर लिस्टला, म्हणजे मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत, नाव टाकलंय का ते आधी सांगा.

पारसिक_पायथा:
टाकलंय. माझीच किडनी द्यायची होती पण मला शुगर निघाली, नाही चालत म्हणाले. आणि अंगारा-बिंगारा नाही हो, एकही डायलिसिस चुकवलेलं नाही, पावसात लोकल बंद पडल्या तेव्हा दुप्पट भाडं देऊन रिक्षाने गेलोय.
काका, तुमचं वाचून दुपारभर विचार करत होते. मी पण कोणाच्यातरी तेराव्याला जाऊन असंच काहीतरी बोललेय, नक्की बोललेय, वाईट वाटलं आठवून. तुमचा मुलगा का गेला याला काही अर्थ होता असं मी म्हणणार नाही. यांच्या किडन्या का गेल्या याला पण नाही, बीपीच्या गोळ्या मध्येच सोडल्या म्हणून गेल्या. पण सकाळी ती थरथर हाताला लागते तेव्हा मी एकटी नसते एवढं मला कळतं, ते मी सोडणार नाही, तुम्हाला पटो न पटो.

घोडबंदर_३:
नका सोडू. पोलीस स्टेशनातून त्याचं हेल्मेट परत मिळालं ते चपलांच्या रॅकवर असतं. रविवारी मी ते पुसतो, आतला स्पंज पण. मिसेस म्हणते ही तुमची पूजाच आहे. मी नाही मानत. तुम्ही पण तिला श्रद्धा म्हणू नका.

पारसिक_पायथा:
नाही म्हणत काका. उद्या आमची सकाळची सातची शिफ्ट आहे, आल्यावर परत लिहिते.