अमेरिकेतले वॉर्ड-बॉस: लुटारू की गरिबांचे वाली?

कोरा कागद (धागाकर्ता):
एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडच्या न्यूयॉर्कचा विषय निघाला की टॅमनी हॉलला चोरांचा अड्डा म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. टॅमनी म्हणजे तिथली डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा. बोटीतून उतरलेल्या आयरिश माणसाला काम कोण लावून देणार? त्याच्या वॉर्डातला पुढारी. प्लंकिट हा टॅमनीचा जुना पुढारी सांगायचा, माझ्या भागात कुठेही आग लागली की बंबाबरोबर मी हजर! जळितग्रस्तांना कपडे, राहायला जागा, सगळं त्याच दिवशी. धर्मादाय संस्थेकडे पाठवलं तर चौकशीतच महिना-दोन महिने जातील, असं त्याचं म्हणणं. बदल्यात काय? एक मत. भ्रष्टाचार होताच, पण गरिबाच्या दारापर्यंत पोचणारं दुसरं सरकार होतं कुठे?

उंबरठा:
एक मत? टॅमनीचा सर्वेसर्वा असलेल्या ट्वीडला विसरलात की काय! त्याच्या टोळीच्या काळात बांधलेल्या न्यायालयाचा मूळ अंदाज अडीच लाख डॉलरचा होता. खर्च गेला १ कोटीच्या वर. गिलावा करणाऱ्या ठेकेदाराला दोन दिवसांच्या कामाचे १ लाख ३३ हजार डॉलर दिल्याची नोंद आहे. हा पैसा आला कुठून? कर वाढला की घरमालक भाडं वाढवतो, म्हणजे फुकट वाटलेल्या कपड्यांचे पैसे त्या गरिबांनीच भरले.
आणि प्लंकिटबद्दल अर्धंच सांगितलंत. बाग कुठे होणार हे आधी कळलं की तिथली जागा घेऊन ठेवायची आणि मग चढ्या भावाने विकायची, याला तो 'प्रामाणिक मलई' म्हणायचा. तेही उघड.

कोरा कागद:
ट्वीडला १८७३ मध्ये शिक्षा झाली, १८७८ मध्ये तो तुरुंगातच मेला. टॅमनी मात्र संपली नाही. लोक पुन्हा पुन्हा त्यांनाच निवडून देत राहिले. ते सगळे मूर्ख होते का?

पाणंद:
मूर्ख नव्हते. शिकागोचा १९ वा वॉर्ड बघा. नगरसेवक जॉनी पॉवर्स. त्याच वॉर्डात समाजसुधारक जेन ॲडम्सचं हल हाउस, म्हणजे गरीब वस्तीतच राहून काम करणारी सेवासंस्था. तिने स्वतः लिहून ठेवलेला प्रसंग आहे. त्यांच्या पाळणाघरात कुणीतरी सोडून दिलेलं एक मूल दगावलं. नातेवाईक सापडेनात, म्हणून संस्थेने सरकारी खर्चाने पुरायचं ठरवलं. अकरा वाजता गाडी यायची होती. नऊच्या सुमारास शेजारपाजारचे लोक संतापून आले आणि त्यांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतून वर्गणी काढली. बेवारशासारखं पुरणं त्यांना सहन होत नव्हतं. पॉवर्सला ही लाज कळत होती, सुशिक्षित सुधारकांना नव्हती. नाताळात तो सहा टन टर्की वाटायचा, तेही स्वतः किंवा आपल्या माणसांच्या हातून. कुणाच्या घरी तीन-चार गेल्या तरी विचारपूस नाही.
पण त्याच वॉर्डात कचऱ्याचे ढीग साचलेले. १८९५ मध्ये ॲडम्स तिथली कचरा निरीक्षक झाली. पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरायची. एक अरुंद गल्ली उपसताना दीड फूट खाली चक्क फरसबंदी लागली! शहराच्या दप्तरात तिची नोंदही सापडली. गल्लीतली इटालियन कुटुंबं इतके दिवस फरसबंदीवरच्या घाणीवरून चालत होती. टर्की वाटणाऱ्याला ती गल्ली दिसत नव्हती, असं कसं मानू?

उंबरठा:
अगदी! आणि तरी १८९६ आणि १८९८ ला हल हाउसने जोर लावूनही पॉवर्सच जिंकला. माणसाला असं मिंधं करून ठेवलं की तो कचऱ्याची तक्रार घेऊन कुणाकडे जाणार?

कोरा कागद:
गल्लीचा मुद्दा मान्य, उत्तर नाही माझ्याकडे. पण मिंधं हा शब्द मला फार लागला. त्या वॉर्डात गरिबाच्या मयताला घोडागाडी पॉवर्स पाठवायचा. त्याला पाडू पाहणाऱ्यांपैकी कुणी कुणाच्या दाराशी एक तरी गाडी उभी केली होती का?