"बसून पाहूनच घेतली ना?" म्हणणाऱ्यांना एकदा उत्तर द्यायचंच होतं

पांदणरस्ता
परवा फर्निचर दुकानदार 'गल्ल्यावरचा भाऊ' यांनी या फोरमवर जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: गिऱ्हाईक दुकानात गादीवर बसून पाहते, भाव पाडते, घरी नेते आणि आठवड्यानं येऊन म्हणते कंबर दुखते, वापस घ्या. पटत नसेल तर घेऊच नये, दुकान म्हणजे धर्मशाळा नाही. खाली सगळे 'बरोबर भाऊ, बरोबर भाऊ'.

बसून पाहते म्हणजे काय पाहते, हे तरी सांगा. तालुक्याच्या दुकानात गादीला जाड प्लास्टिक असते, ते फाडू देत नाहीत. बाईमाणूस पदर सावरत कोपऱ्याला टेकते. मालक समोर उभा, हमाल पोट्टे बघत उभे. तेवढ्यात कळते काय, रात्री दोन वाजता मणक्याचं काय होणार ते?

माझ्या वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरनं टणक गादी सांगितली. दुकानात हेच शब्द बोललो. मालक म्हणाला, "काकाजी, ही तुमच्यासाठीच हाय, ऑर्थोपेडिक." गादीवर तसं सोनेरी अक्षरात छापलेलंही होतं, खाली पाच वर्षांची वॉरंटी. उन्हाळा सरायच्या आत मधोमध असा खोलगा पडला की वडील झोपेत घरंगळत त्यात जातात आणि उठताना पलंगाची कड धरावी लागते. सोबत 'सागवान फिनिश'चा बॉक्स पलंग घेतला होता, त्याची तऱ्हा आणखी न्यारी. मे महिन्यात बाजूची फळी दुधात बुडवलेल्या पावासारखी फुगली, सनमायका सुटला, आत बोट घातलं तर निव्वळ भुसा. दुकानदार म्हणे, कूलरचं पाणी लागलं, वॉरंटीत येत नाही.

अहो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जाते. विदर्भात झोपायच्या खोलीत कूलर नसलेलं घर दाखवा. कूलरच्या हवेत न टिकणारा पलंग विदर्भात विकता आणि वरून कूलरलाच दोष देता?

कायदाही ऐका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जुलै २०२० पासून लागू. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत वापस न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावून कायदा रद्द होत नाही.

गल्ल्यावरचा भाऊ
गुरुजी, कायदा वाचला तर पुरा वाचा. त्यात 'सदोष' लिहिलेलं आहे, 'टोचते' नाही. एकाला टणक पाहिजे, त्याच घरात दुसऱ्याला नरम पाहिजे. तुमच्या पाठीची हमी मी कशी देऊ?

आणि तुमची गिऱ्हाइकं काय करतात तेही लिहा ना. लग्नाच्या आधी गाद्या नेतात, पाहुणे झोपवतात, हळदीचे डाग घेऊन वापस येतात. गादी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अर्धी दुमडून, दोरीनं करकचून बांधून नेतात, वर चार माणसं बसतात. फोमचा जीव तिथंच जाते. मग म्हणतात खड्डा पडला. आणि बिल! सोफ्यावर १८ टक्के जीएसटी सांगितला की तोंड वाकडं. "भाऊ, कच्चंच द्या न." कच्चं तुम्ही मागता आणि ग्राहक आयोगात पक्कं कोठून आणता?

वऱ्हाडी ठेचा
मालक स्वतःच कच्चं पुढं सरकवते अन् म्हणते गिऱ्हाइकानं मागतलं. 'पक्कं पाह्यजे काय' असं ज्या आवाजात इचारते, त्यावरून समजून जाते मानूस का आता भाव वाढला. बह्याड समजता काय आमाले?

रंधा पटाशी
दोघंही दुकानाच्याच गोष्टी करून राहिले. गावात सुतार असताना दुकानात गेलेच कशाला? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, मिरवणूक काढून गेलं. आणि इथला माणूस दाबलेल्या भुशावर सागवानाचा फोटो चिकटवलेला पलंग हप्त्यानं घेते.

'फिनिश' म्हणजे वरून तसं दिसते, एवढंच. कापल्यावर लाकूड सावलीत रचून, मध्ये पट्ट्या ठेवून वाळवावं लागते. तेवढा धीर कोणाला नाही. न वाळलेलं लाकूड आमच्या उन्हाळ्यात आकसते, सांध्यातल्या चुली ढिल्या होतात, रात्री कड फिरली की कुरकुर. दुकानातलं सागवान म्हणून मिळते तेही बरेचदा असंच.

वऱ्हाडी ठेचा
@रंधा पटाशी दादा, तुमच्याच जातभाईनं आमच्या बाजेचा इसार घेतला अक्षय्य तृतीयेले. दिवाळी झाली तरी एकच पाय तयार. फोन केला का म्हणते "रंधा मारून रायलो". त्याच्यावर केस टाकू काय?

काळा कोट
टाकता येते. पैसे घेऊन काम करणारा सुतारही सेवा देणाराच असतो.

बाकी, भाऊ म्हणतात त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं ते सोयीनं विसरतात. नुसतं 'आवडलं नाही', 'सवय होत नाही' यावर माल वापस करायचा सरसकट हक्क नाही. दुकानानं बदलून दिला तर तो चांगुलपणा. पण १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात कलम १६ आहे. गिऱ्हाइकानं आपली गरज सांगितली, दुकानदाराच्या जाणकारीवर भरवसा ठेवला, आणि तो मालही त्याच्या नेहमीच्या धंद्यातला असला, तर माल त्या गरजेला पुरा पडलाच पाहिजे. पांदणरस्ता यांनी 'मणक्याचं ऑपरेशन, टणक पाहिजे' असं सांगितलं असेल तर ही नुसती आवडनिवडीची बाब उरत नाही. शिवाय ग्राहक कायद्यात दोषाची व्याख्याच अशी आहे की विकणाऱ्यानं जो दर्जा सांगितला त्यात कमी निघाली तरी तो दोष. अडचण एवढीच की सांगितलेलं कागदावर नसते. बिलावरच लिहून घ्या: 'टणक गादी, पाठीच्या दुखण्यासाठी'. व्हॉट्सॲपवर विचारून उत्तर घेतलं तरी कामात येते.

तक्रार करायला दोन वर्षांची मुदत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दुकान नागपूरला असलं तरी. वकील लागत नाही (हे मी वकील असून लिहितोय, नोंद घ्यावी). आधी लेखी तक्रार द्या, मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन करा. पुष्कळ प्रकरणं त्या फोनवरच मिटतात.

कोरडवाहू
गादीचं सोडा हो. २०२० मध्ये सोयाबीन पेरलं, वावरभर उगवलंच नाही. अर्ध्या विदर्भात तीच बोंब होती. तालुक्याची समिती आली, पंचनामा झाला, सही झाली. पुढं काय? दुबार पेरणी आपल्याच खिशातून. तुमची गादी बसली तर कंबर दुखते, आमचं बियाणं बसलं तर वर्ष बसते.

काळा कोट
बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगितलं आहे. राष्ट्रीय बीज निगमची केस होती.

कोरडवाहू
सांगितलं असेल वकीलसाहेब. दिल्लीचा निकाल आमच्या धुऱ्यावर कधी पोचला ते सांगा. तारखेला जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागते, अन् तिथं म्हणतात पुढची तारीख.

पांदणरस्ता
बियाण्याचा वेगळा धागा काढा, मी स्वतः तिथं लिहीन. इथं गादी चालू आहे.

झाडीपट्टीवाली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे जी. लग्नात बाबांनी सेट दिला. पलंग, गादी, आलमारी, ड्रेसिंग टेबल. धान विकून आणि वरून उधार घेऊन. पलंगाची मधली पट्टी मोडली, आता खाली विटा लावल्या आहेत. आलमारीचं दार लागत नाही, कपडा अडकवून बंद करावं लागते. दुकान माहेरच्या तालुक्यात, मी दुसऱ्या जिल्ह्यात. बिल बाबांच्या नावानं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विटा दाखवतात. बाबांना सांगितलं तर ते स्वतः पैसे टाकून नवीन पाठवतील, म्हणून सांगत नाही. यात मी ग्राहक होते की बाबा?

काळा कोट
दोघंही, ताई. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहक. तुमच्या सासरच्या जिल्ह्यात तुमच्याच नावानं तक्रार करा. बिलाचा फोटो लागेल. तुटलेल्या पट्टीचा व्हिडिओ काढा, त्याच्या आधी विटा हलवू नका.

चूलबंद
तक्रार दुकानावर कशाला? सासरवर करा. मुलगी द्यायची आणि तिला झोपायला पलंगही बापानंच द्यायचा? हे लोक काय आजवर जमिनीवर झोपत होते? हुंडा म्हणायला लाज वाटते म्हणून आंदण म्हणायचं. १९६१ चा हुंडाबंदी कायदा कोठं गेला?

गल्ल्यावरचा भाऊ
लागले ना आता रिवाजाच्या मागे! लेकीला हौसेनं देते बाप. तुम्हाला काय त्रास?

चूलबंद
त्रास तुम्हाला होईल भाऊ, आंदण बंद झालं तर. दुकानाबाहेर 'लग्नाचा सेट, फक्त इतक्यात' असा बोर्ड कोणासाठी असते? बापाला पलंगाचं लाकूड पाहायचं नसते, त्याला मांडवात मांडलेला सेट दिसला पाहिजे. म्हणूनच तुमचा भुसा खपते. स्वतःसाठी घेतला असता तर वाजवून पाहिला असता.

वऱ्हाडी ठेचा
हे मात्र कडक हाणलं.

विहीणबाई
थांबा जरा. मी दोन लेकी दिल्या, एक सून आणली. आम्ही सुनेच्या बापाला 'काही नको' म्हटलं. तो रडकुंडीला आला. म्हणे, लोक काय म्हणतील, रिकाम्या हातानं पाठवली. शेवटी त्यानं सेट पाठवलाच. आमच्या घरात जागा नाही, पलंग ओसरीत उभा करून ठेवला आहे, त्यावर तुरीच्या शेंगा वाळतात. प्रत्येक आंदणामागे सासूच नसते. सगळ्या सासवांना एका दावणीला बांधू नका.

चूलबंद
मावशी, तुमच्या घरी नसेल. पण 'काही नको' म्हणून मग 'पण मोठ्या सुनेनं डबल बेड आणला होता' असं सांगणाऱ्याही आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नात सोफा कापडी आला म्हणून वरातीत अर्धा तास तमाशा झाला. रेक्झिनचाच पाहिजे होता. बाबानं हात जोडले. दुकानदारानं त्याच दिवशी फरकाची रक्कम घेऊन बदलून दिला बरं. तेव्हा नाही म्हणाला 'विकलेला माल वापस नाही'!

विहीणबाई
मग तेव्हा लग्न मोडायचं होतं. इथं येऊन परक्या बायकांना बोलण्यापेक्षा.

चूलबंद
लग्न मोडायचं? लिहिताना सोपं आहे मावशी. माझ्या बहिणीचं वय तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे काय?

रंधा पटाशी
अहो, पलंगावरून कोठं चालले. मुद्दा लाकडाचा होता.

काळा कोट
कायद्यापुरतं बोलतो आणि गप्प बसतो. मागणी न करता दिलेल्या भेटी, त्यांची यादी केली असेल, रिवाजाला धरून आणि ऐपतीत असतील, तर त्या हुंड्यात धरत नाहीत. मागून घेतलं तर सोफा कापडी असो की रेक्झिनचा, तो हुंडाच. ती यादी जपून ठेवा, त्यात पलंग-आलमारीची किंमत आणि दुकानाचं नाव असलं तर आयोगातही आधाराला येते.

पांदणरस्ता
झाडीपट्टीवाली ताईंचं सोडून सगळे भांडत बसले. ताई, बाबांना 'विम्यासाठी पाहिजे' म्हणून बिलाचा फोटो मागवा.

झाडीपट्टीवाली
खोटं कशाला बोलू जी. भावाला सांगितलं, तो काढून पाठवते म्हणाला. पण बिलावर नुसतं 'सेट १' लिहिलेलं आहे. पलंगाचं नाव नाही, लाकडाचं नाव नाही, रक्कम गोळाबेरीज.

गल्ल्यावरचा भाऊ
हे चूक आहे. 'सेट १' असं बिल मी देत नाही. आमच्यातल्याच काही लोकांमुळं सगळे बदनाम होतात. बाकी पांदणरस्ता, तुमच्या गादीचं म्हणाल तर टणक मागितली असताना बसकी निघाली आणि वॉरंटीत आहे, तर बदलून द्यायलाच पाहिजे. मी असतो तर कंपनीच्या माणसाला बोलावून दिली असती. घ्या, झालं समाधान? पलंगाचं मात्र मानत नाही. सात-आठ हजारात सागवान मागता, मग भुसाच मिळते. सागवानाचा भाव रंधावाल्याला विचारा.

रंधा पटाशी
भाव तोच सांगेन जो आहे. पण निदान विकताना 'हा भुसा आहे' असं तोंडानं बोलायला काय पैसे पडतात?

गल्ल्यावरचा भाऊ
बोललो तर घेईल कोण?

काळा कोट
भाऊ, हे वाक्य पुसून टाका. उद्या कोणी आयोगात दाखवलं तर मलाच तुमची बाजू मांडायला बोलावाल.

कोरडवाहू
बियाण्याच्या पिशवीवर उगवण टक्के छापतात, तरी उगवत नाही. पलंगावर छापून काय होते.

पांदणरस्ता
सोमवारी लेखी तक्रार पोस्टानं पाठवतो, पोचपावतीसह. गादी आणि पलंग दोन्हीची. कूलरचं कारण पुढं केलं तर विचारणार आहे, विकताना कूलरचं नाव का नाही घेतलं. वकीलसाहेब, मसुदा टाकतो इथंच, दुरुस्त करून द्या.

काळा कोट
टाका. दीड पानाच्या वर नको. आणि त्यात सासवांचा विषय येऊ देऊ नका.