मदत हवी आहे: ऑर्किडची कुंडी बदलायची आहे, पावसाळ्यात टिकेल असं मिश्रण सुचवा

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत राहते. घरात पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आहे. फुलं नुकतीच गळून गेली. नर्सरीतून आणल्यापासून ते प्लास्टिकच्या छोट्या कपात, घट्ट कोंबलेल्या मॉसमध्येच (सुकवलेल्या शेवाळात) आहे. वरचं मॉस हाताला कोरडं लागतं, पण काडी खुपसली तर आत गच्च ओलं. खालची दोन पानं पिवळी पडून सुरकुतली आहेत. आज कप काढून पाहिला. कडेची मुळं रुपेरी आणि टणक आहेत, मधली मात्र तपकिरी. ती चिमटीत धरून ओढली की साल निघून येते आणि नुसता दोरा उरतो.

पाऊस तोंडावर आलाय. आत्ताच कुंडी बदलू की थांबू? एका नर्सरीवाल्याने कोकोपीट आणि शेणखत भरायला सांगितलं, ते काही मनाला पटत नाही. पाइन बार्क (पाइनच्या झाडाची साल) एका झाडासाठी फार महाग पडते. परसात नारळाची सोडणं ढिगाने पडली आहेत, ती चालतील का? झाड वाचवायचंच आहे, कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, थांबू नका. एरवी फुलं संपून नवी मुळं फुटायला लागली की कुंडी बदलतात, पण मुळं कुजत असताना मुहूर्त बघायचा नसतो.

कोकोपीट-शेणखत अजिबात नको. आपल्याकडे सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किडच, आंब्या-फणसाच्या खोडावर उघड्या मुळांनी वाढते, तिला कुठे माती लागते? फॅलेनॉप्सिसही तसंच झाडावर वाढणारं. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

सोडणं उत्तम. पेराएवढे तुकडे करा, दिवसभर भिजवा आणि पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. त्यातला क्षार आणि टॅनिन निघून जायला हवं. कोकणातल्या पावसासाठी दोन भाग लोणारी कोळसा आणि एक भाग सोडण घ्या. सोडण वर्ष-दोन वर्षांत कुजून बारीक होतं, कोळसा कुजत नाही. मात्र कोळसा खतातले क्षार धरून ठेवतो, म्हणून महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून निथळू द्या.

कात्री गॅसवर तापवून, गार झाल्यावर पोकळ मुळं कापा. जुनं मॉस सगळं काढा, मधला गोळासुद्धा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकांना लावा, चांगल्या मुळांवर पडली तर ती कोरडी पडतात. कुंडी उरलेली मुळं मावतील एवढीच घ्या, भरपूर भोकांची.

मूळ लेखिका

खूप आभार! कोळसा आणि सोडणंच घेते. लगेच पाणी घालू का? आणि पावसात बाहेर टांगलं तर चालेल?

प्रतिसाद २

जखमा सुकेपर्यंत तीन-चार दिवस पाणी नको. नंतर मुळं हिरवी दिसताहेत तोवर थांबा, रुपेरी झाली की घाला. मुळांची नवी टोकं दिसेपर्यंत खत नको.

उघड्या पावसात टांगू नका, पन्हळीखालीही नको. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की शेंडा कुजतो, आणि याला एकच शेंडा असतो. रानात हे झाड खोडावरून तिरकं लोंबतं, त्यामुळे पाणी ओघळून जातं. पडवीत, वारा खेळेल अशा जागी कुंडी जरा कलती ठेवा.