मिस्टरांचा खुबा बदलायचाय, पण बायोलॉजिक इंजेक्शन चालू आहे. कुणाला अनुभव?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार. माझ्या मिस्टरांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीचे मणके आणि सांधे आखडवणारा संधिवात) आहे, वय ३८. पंचविशीत सकाळी कंबर धरायला लागली, तेव्हा "गाडी फार चालवतोस" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आता उजवा खुबा पार आखडलाय. मोजे मी घालते, पायाची नखंही मीच कापते. एक्स-रेत सांध्यातली फट दिसतच नाही. सर्जन म्हणतात, बदलून टाका.

त्यांना दर पंधरा दिवसांनी अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन असतं, तेच हे बायोलॉजिक, प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारं. एक डॉक्टर म्हणाले सगळी औषधं आधी बंद करा, दुसरे म्हणाले काहीच बंद करू नका. मानही वळत नाही, म्हणून भुलीची धास्ती वाटते. सासूबाईंचं म्हणणं, पन्नाशीपर्यंत थांबा, नाहीतर पुन्हा बदलावा लागेल. काय करावं?

नाशिकचा_सह्यप्रेमी
ताई, मलाही हाच आजार. डावा खुबा २०१८ मध्ये बदलला, उजवा २०१९ मध्ये.

पहिल्या वेळी ऐकीव सल्ल्यावर मी दोन महिने आधीच सगळी औषधं बंद केली. नवा सांधा छान बसला, पण त्याच आठवड्यात दुसरा खुबा, गुडघा आणि टाच अशी काही पेटली की वॉकर धरूनही उभं राहता येईना. ज्या पायावर भार टाकायचा, तोच गेलेला. आई वॉर्डात माझी टाच मांडीवर घेऊन बसायची.

दुसऱ्या वेळी रुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवाताच्या डॉक्टरांनी) तारीखच इंजेक्शनवरून ठरवली. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन आठवडे जाऊ दिले, पुढचं घेतलं नाही आणि तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन केलं. टाके निघून जखम कोरडी दिसल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, पुन्हा चालू. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी आणि सांधेबदल सर्जनांनी मिळून २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. सल्फासलाझिन, मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची नेहमीची औषधं चालू ठेवायला त्यांची हरकत नाही. स्टेरॉइड घेत असतील तर स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका. दोन्ही डॉक्टरांना तुमच्यासमोर एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. मी लावलं, तेव्हा गोंधळ मिटला.

भुलीचं तर आवर्जून सांगतो. मणके जुळले की पाठीत सुई शिरायला जागा मिळत नाही, आणि मान मागे जात नसेल तर घशातून श्वासाची नळी नेहमीसारखी घालणंही अवघड. माझ्या घशात कडू फवारा मारून तो बधिर केला आणि मी जागा असतानाच बारीक दुर्बिणीवरून नाकातून नळी सरकवली. आवंढा गिळतोय की नाही तेच कळत नव्हतं. भूलतज्ज्ञ बाई पूर्ण वेळ माझ्या कानाशी बोलत होत्या. दोन उशांशिवाय मला आडवं होता येत नाही, हे त्यांना आधी सांगितलं होतं, म्हणून टेबलावरही दोन उशा होत्या. तेव्हा भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी भेटा आणि अशी दुर्बीण तिथे आहे का, ते विचारा.

थांबण्याबद्दल: २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बदललेल्या दहांपैकी जवळपास सहा खुबे २५ वर्षं टिकले होते. त्यातले बहुतेक रुग्ण वयस्क होते. तरुणपणी बदलला तर पुन्हा बदलण्याची शक्यता जास्त, सासूबाईंची काळजी खोटी नाही. पण मी चार वर्षं थांबलो आणि त्यात मांडीचे स्नायू वाळले. ती ताकद परत आणायला दीड वर्ष गेलं. मला विचाराल तर थांबू नका.

फिजिओ_कोल्हापूर
वरचं सगळं पटलं. या आजारात नव्या सांध्याभोवती नको तिथे हाड धरण्याचा धोका असतो. ते टाळायला काही दिवस इंडोमेथासिनसारखी गोळी देतात, सर्जनना विचारून ठेवा. बरगड्या आखडलेल्या असतात, म्हणून श्वासाचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा.

आमवाताची_लेक
माझ्या आईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वेगळा संधिवात) आहे. तिच्या वेळी मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढला होता, कारण त्यात मानेचे वरचे मणके सैल पडलेले असू शकतात. आमवाताचं कुणी वाचत असेल तर हे जरूर विचारा.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी दोन्ही डॉक्टरांकडे जातोय. दादा, एकच विचारते, नंतर पंगतीत मांडी घालून बसता येतं का?

नाशिकचा_सह्यप्रेमी
मला सर्जननी मांडी नकोच म्हणून सांगितलंय. गणपतीत मी खुर्चीवर बसतो, ताट स्टुलावर. पण मोजे माझे मी घालतो, ताई. लांब दांड्याचं साधन मिळतं त्यासाठी.